ज्यांच्या नावात वेलांटी आहे

लिनक्सवर एखादा प्रोग्राम मूळ कोडपासून बांधायला घेतला की पहिल्या पाच मिनिटांत तो बहुतेक वेळा थांबतो. स्क्रीनवर ओळींमागून ओळी भराभर वर सरकतात आणि शेवटी एकच उरते: 'फेटल एरर, झेडलिब डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' म्हणजे, मला हवी असलेली एक फाइल तुझ्या मशीनवर नाही, ती आण, तोवर मी पुढे सरकणार नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा या ओळीने मला रडकुंडीला आणलं होतं. आता मला ती फार सज्जन ओळ वाटते. असं का, ते सांगायला थोडं तंत्राचं बोलावं लागेल. चार परिच्छेद सहन करा.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. झेडलिबचंच घ्या. माहिती दाबून लहान करायची आणि परत उलगडायची, एवढंच काम ती करते. जाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर या दोघांनी ती लिहिली आणि १९९५मध्ये सगळ्यांना मोफत खुली केली. तुम्ही मोबाइलवर पीएनजी चित्र बघता त्याच्या पोटात हेच तंत्र असतं. नवा प्रोग्राम लिहिणारा हे काम पुन्हा करत बसत नाही. तो फक्त सांगतो, 'मला झेडलिब लागेल.'

डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्समध्ये गंमत अशी की एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एक प्रोग्राम चालवण्यासाठी आणि दुसरं, ज्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं, प्रोग्राम बांधण्यासाठी. या दुसऱ्यात हेडर फाइली असतात, म्हणजे लायब्ररीत कोणकोणती कामं होतात त्याची यादी. नवखा माणूस इथेच अडकतो. 'लायब्ररी तर आहे की मशीनवर!' असं म्हणत डोकं धरून बसतो. लायब्ररी असते, पण तिच्याशी बोलायचं कसं ते सांगणारा कागद नसतो. उपाय साधा आहे. शेवटची नाही, पहिली एरर वाचायची. त्यात ज्या फाइलचं नाव असेल ती कुठल्या पॅकेजमध्ये येते ते 'एपीटी-फाइल'ला विचारायचं. ते पॅकेज टाकायचं आणि पुन्हा बांधायला घ्यायचं. प्रोग्राम बांधून झाल्यावर चालताना अडला, तर 'एलडीडी' चालवून कुठल्या नावापुढे 'नॉट फाउंड' येतंय ते बघायचं. स्वतः एखादी लायब्ररी टाकली असेल तर 'एलडीकॉन्फिग' चालवून यंत्राला तिची खबर द्यायची. दहापैकी नऊ वेळा एवढ्यात भागतं.

या सगळ्यात मला सज्जनपणा दिसतो तो असा. कोणावाचून आपलं अडलंय हे तो प्रोग्राम उघडपणे, नाव घेऊन सांगतो. माणसं हे क्वचितच करतात.

पण सगळ्या लायब्रऱ्या अशा ओरडणाऱ्या नसतात. हा लेख न ओरडणाऱ्या एका लायब्ररीबद्दल आहे.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात माझा चुलतभाऊ दूध संकलन केंद्र चालवतो. सत्तरेक शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम अशी पावती प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून जाते, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी कागदावर छापली जाते. ती पावती बनवणारा छोटा प्रोग्राम माझा. पायथनमध्ये लिहिलेला, चित्र काढायला पिलो नावाची लायब्ररी वापरणारा. माझ्या पुण्यातल्या लॅपटॉपवर सगळं छान चालत होतं.

केंद्रावरचा कॉम्प्युटर जुना, बत्तीस बिटचा. त्याच्यासाठी पिलोची तयार बांधणी मिळेना, म्हणून ती तिथेच मूळ कोडपासून बांधायची ठरली. सुट्टीचा दिवस होता. आधी झेडलिब नाही म्हणून अडलं, मग जेपेग नाही म्हणून. दोन्ही डेव्ह पॅकेजं टाकली. फॉन्टसाठी फ्रीटाइप लागते हे माहीत होतं, तीही टाकली. मग बांधणी पूर्ण झाली. 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड.' चाचणी म्हणून एक ओळ चित्रात काढून बघितली: माझं नाव आणि खाली १२३. दोन्ही व्यवस्थित उमटलं. भावाला म्हटलं, झालं तुझं काम, आणि संध्याकाळची एसटी पकडली.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. म्हणाला, 'नानी आलीये केंद्रावर. तिला वाटतंय आपण तिचं नाव काढलं.'

नानी म्हणजे आमची चुलती. दोन गायी आहेत तिच्या. तिला वाचता येत नाही, पण साक्षरतेच्या वर्गात स्वतःचं नाव लिहायला शिकली होती. ते नाव ती अक्षरं लावून वाचत नाही. एखादा चेहरा ओळखावा तसं ओळखते. दुधाचा पगार यायच्या आधी ती पावत्या काढून बसते आणि प्रत्येकीवर आपलं नाव आहे ना ते बघते. त्या चार दिवसांच्या पावत्यांवर ते नव्हतं. फोनवर मला म्हणाली, 'का रे, माझं दूध कोणाच्या नावावर टाकता तुम्ही?'

मी भावाला पावतीचा फोटो पाठवायला सांगितला आणि बघितल्याबरोबर चूक कळली. किसनचं 'कसिन' झालं होतं. विमलचं 'वमिल' झालं होतं. 'शेतकऱ्याचे नाव' या मथळ्यातला ऱ्य फुटून दोन तुकडे झाले होते. 'रक्कम'मधला पहिला क पाय मोडून वेगळा उभा होता. नानीच्या नावात दोन ऱ्हस्व वेलांट्या आणि एक जोडाक्षर आहे. त्या नावाचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

हे का होतं? कॉम्प्युटर आपलं लिखाण उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. पण कागदावर वेलांटी क-च्या आधी येते. ती उचलून पुढे आणून ठेवायची, क आणि क मिळून क्क करायचा, र-चा कधी रफार करायचा आणि कधी ऱ्य, हे कोणीतरी करावं लागतं. पूर्वी हे काम छापखान्यातले जुळारी करत. आज ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे तीच असते. तुम्ही हा लेख मोबाइलवर वाचत असाल, तर बहुधा याही ओळीतल्या वेलांट्या तिनेच जागेवर बसवल्या असतील. तिचं आजचं रूप ज्याने घडवलं तो बेहदाद एस्फाहबोद मूळचा इराणचा. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं, यावरून ते नाव. पिलो थेट हार्फबझशी बोलत नाही. मध्ये रक्म नावाची एक लहानशी लायब्ररी असते. हा शब्द अरबी आहे. अर्थ लेखन, आणि अंकसुद्धा. आपल्या मराठीतली 'रक्कम' याच शब्दाची लेक. म्हणजे माझ्या पावतीवर 'रक्कम' तुटली, कारण मशीनवर रक्म नव्हती.

आता खरा प्रश्न. मशीनवर झेडलिब नव्हती तेव्हा बांधणी थांबली. जेपेग नव्हती तेव्हा थांबली. रक्म नव्हती तेव्हा का थांबली नाही?

कारण पिलोच्या कागदपत्रांत झेडलिब आणि जेपेग 'आवश्यक' या सदरात येतात आणि रक्म 'ऐच्छिक' या सदरात. ऐच्छिक लायब्ररी सापडली नाही तर बांधणी तिच्यावाचून पुढे जाते. शेवटच्या गोषवाऱ्यात एक ओळ असते की अमुक गोष्टीचा आधार उपलब्ध नाही. पण पिप हे इन्स्टॉल करणारं साधन बांधणी यशस्वी झाली की तो सगळा मजकूर दाखवतच नाही. फसली तरच दाखवतं. यशाचा तपशील कोणाला हवा असतो?

काही दिवस मला या 'ऐच्छिक' शब्दाचा राग आला. माझी भाषा नीट उमटणं ही कोणाच्या तरी मर्जीची बाब आहे होय? पण प्रामाणिकपणे विचार केला तर तो राग टिकत नाही. पिलो वापरणाऱ्या कितीतरी जणांना चित्रात अक्षरंच काढायची नसतात. कोणी फोटो लहान करतं, कोणी उपग्रहाची चित्रं कापतं. त्यांच्यावर रक्मची सक्ती केली तर लहान यंत्रांवर बांधणी आणखी अवघड होईल. सगळंच आवश्यक ठरवलं तर काहीच बांधून होणार नाही. कोणती तरी गोष्ट ऐच्छिक ठेवावीच लागते. आणि पिलो लिहिणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही, कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे. मी वाचलं नव्हतं.

मग चूक कुठे? मला ती तीन ठिकाणी सापडली आणि तिन्ही ठिकाणी मीच उभा होतो.

पहिली चूक चाचणीची. मी माझं नाव टाकून बघितलं. माझं नाव सरळ आहे, त्यात वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. ते कुठल्याही मोडक्या यंत्रावर नीट उमटतं. मी मुद्दाम सोपं नाव निवडलं नव्हतं. चाचणी करताना माणसाला आधी स्वतःच आठवतो, एवढंच. पण विचार करा, हे फक्त कॉम्प्युटरपुरतं आहे का? सरकारी फॉर्म असो, बसची पायरी असो, ऑफिसातली मीटिंगची वेळ असो, ज्याने ते ठरवलं त्याने स्वतःवर चाचणी घेतलेली असते. त्याच्या आयुष्यात काना-मात्रा नसते, म्हणून त्याच्यासाठी सगळं चालतं. आणि चालतं म्हणून त्याला वाटतं, सगळ्यांसाठी चालतं. यात दुष्टपणा नसतो, त्यामुळे हे पकडताही येत नाही.

दुसरी चूक जास्त बोचली. पिलोमध्ये मजकूर काढताना तो कुठल्या भाषेतला आहे ते सांगायची सोय आहे. मराठीसाठी 'एमआर' एवढी दोन अक्षरं. ती मी लिहिली असती आणि रक्म मशीनवर नसती, तर प्रोग्रामने तिथल्या तिथे मान टाकली असती: लिबरक्मशिवाय भाषा ठरवता येत नाही. पहिलीच पावती निघाली नसती. भावाने त्याच सकाळी फोन केला असता. लॅपटॉपवर न सांगताही अक्षरं नीट येत होती म्हणून मी भाषेचं नाव घेतलंच नाही, आणि नाव घेतलं नाही म्हणून तिची गैरहजेरी कोणाच्या लक्षात आली नाही. ज्याच्यावाचून आपलं चालणार नाही त्याचं नाव घ्यायचं, हा मला आजवर संस्काराचा भाग वाटायचा. इथे तो सुरक्षेचा भाग निघाला.

तिसरी चूक माझ्या एकट्याची नाही. चार दिवस त्या पावत्या सत्तर घरांत गेल्या. भावाने बघितल्या होत्या. त्याला वाटलं, मोबाइलवर मराठी कधी कधी असं दिसतं. बाकीच्यांनीही बघितल्या आणि 'कसिन'चं मनातल्या मनात किसन करून घेतलं. स्क्रीनवर, बिलावर, बॅनरवर तुटलेलं मराठी बघायची आपल्याला इतकी सवय आहे की आपण तक्रार करत नाही, दुरुस्त करून वाचतो. आपल्या डोक्यातच एक हार्फबझ बसलेली आहे. पण त्यामुळे होतं काय, ज्याला दुरुस्त करून घेता येतं तो गप्प बसतो आणि बिघाड झाकला जातो. उरते ती नानी, जिच्या डोक्यात ही सोय नाही. तिची तक्रार एकटी पडते, आणि एकट्या तक्रारीला आपण गैरसमज म्हणतो. भाऊ तिला आधी तसंच म्हणाला होता: 'नानी, आहे गं तुझं नाव, तुला वाचता येत नाही.' वास्तविक त्या सत्तर जणांत बरोबर वाचणारी ती एकटीच होती. नाव तिथे नव्हतंच.

म्हणून मला वाटतं, ओरडणारी गैरहजेरी आणि मूक गैरहजेरी यांतला फरक तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त आहे. आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जमवून त्यांची बँक उभी केली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. २०२०च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांच्या कामाबद्दल वाचताना मला सारखी ती न थांबलेली बांधणी आठवते. घेवड्याचा एखादा वाण शेतातून जातो तेव्हा कुठेही एरर येत नाही. बाजार चालू राहतो, ताटात घेवडा येत राहतो, फक्त कुठला तरी एक घेवडा त्यात नसतो. कोणीतरी त्याला मनातून 'ऐच्छिक' ठरवलेलं असतं, आणि ज्यांना तो आवश्यक होता त्यांना कोणी विचारलेलं नसतं. हे ओळखायला ते वाण नावानिशी माहीत असणारं माणूस लागतं.

माणसांनाही आपण असं सदरांत घालतो. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. खोदत गेल्यावर कळलं की एक्सझेड या लायब्ररीच्या ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. ही लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रांत असते, आणि अनेक वर्षं ती मुख्यतः लासे कॉलिन हा एकटा माणूस विनामोबदला सांभाळत होता. आपल्या मनाची तब्येत बरी नाही, असं त्याने २०२२मध्ये उघडपणे लिहिलं होतं. तेव्हा मदतीला म्हणून जो पुढे आला, त्याच नावाने पुढे घात केला. लायब्ररी आवश्यक या सदरात आणि ती सांभाळणारा माणूस ऐच्छिक या सदरात, असा तो हिशेब होता. माझाही तोच आहे. ज्यांच्या जोरावर माझी पावती उमटते त्यांची नावं मला वेलांटी मोडेपर्यंत माहीत नव्हती.

आमच्या गावापासून नेवासं लांब नाही. तिथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे. लहानपणी किती वेळा गेलो असेन तिथे. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, या सालाबरोबर आणखी एक नाव येतं, सच्चिदानंद बाबांचं. त्यांनी तो लिहून घेतला. सांगणारा एवढा मोठा, तरी लिहून घेणाऱ्याचं नाव ग्रंथाच्या आत आहे, आदराने आहे. लेखनिक ही ऐच्छिक बाब आहे असं तिथे कोणाला वाटलं नाही. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी एकनाथांनी पाठ शुद्ध केला, तेही वर्षासकट नोंदलेलं आहे. मी रोज ज्या कामात असतो त्यात याला अवलंबनांची यादी म्हणतात, आणि ती भरायचा सगळ्यांना कंटाळा असतो.

मी काय केलं ते सांगतो. फार मोठं नाही. रक्मचं डेव्ह पॅकेज टाकून पिलो पुन्हा बांधली. प्रोग्रामच्या सुरुवातीला एक तपासणी घातली: रक्म हजर नसेल तर चालूच व्हायचं नाही, आणि का ते मराठीत सांगायचं. मजकुराची भाषा प्रत्येक ठिकाणी लिहिली. जगासाठी ती लायब्ररी ऐच्छिक असेल, असू दे. माझ्या पावतीसाठी ती आवश्यक आहे हे ठरवायचा अधिकार माझा होता आणि ती जबाबदारीही माझीच होती. दुसऱ्याने ठरवलेलं सदर आपल्यापुरतं बदलता येतं, हे मला उशिरा कळलं.

आणि चाचणीची नावं बदलली. आता यादीत माझं नाव नाही. केंद्रावरच्या सत्तर नावांतली सगळ्यात अवघड बारा नावं आहेत. पहिलं नानीचं.

दिवाळीला गेलो तेव्हा तिने नव्या पावत्यांचा गठ्ठा समोर ठेवला आणि एकेका नावावर बोट ठेवून दाखवलं. मग त्या जुन्या चार पावत्याही काढल्या. तिने त्या टाकल्या नव्हत्या. म्हणाली, 'ह्याचे पैसे आले, पण नाव नाही आलं. नावाच्या परत छापून दे.'

छापून दिल्या.